वरखत आणि माती

तुम्ही विचारलंय की २६ जानेवारीच्या प्रदर्शनासाठी ‘लोकशाही’ हा विषय दिला की आठवी-नववीची मुलं तिरंगा, मतपेटी, शाई लावलेलं बोट आणि उडणारं कबूतर एवढंच काढतात. आजचे कलावंत या विषयाला नेमके कसे भिडतात, आणि त्यातलं काही तालुक्याच्या शाळेत करता येईल का?

मी बत्तीस वर्षं मांडणीशिल्पं करते आहे, म्हणजे एखाद्या जागेत वस्तू मांडून उभी केलेली कामं. त्यातला बराच काळ गावोगावच्या शाळांत, समाजमंदिरांत आणि ग्रामपंचायतीच्या आवारात मुलांबरोबर, बायांबरोबर काम करण्यात गेला. तुमचा प्रश्न माझ्याही रोजच्या कामातला आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

आधी मुलांची बाजू घेते. चिन्हं काढण्यात कमीपणा काहीच नाही. आपली लोकशाही चित्रांच्या आधारानेच उभी राहिली. १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत बहुसंख्य मतदारांना वाचता येत नव्हतं, म्हणून प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी ठेवली आणि तिच्यावर त्याचं चिन्ह चिकटवलं. बैलजोडी, झोपडी, झाड, हत्ती ओळखून लोकांनी मत टाकलं. राज्यघटनेच्या मूळ हस्तलिखित प्रतीची पानं नंदलाल बोस आणि शांतिनिकेतनातल्या त्यांच्या विद्यार्थ्यांनी सजवली. इंग्रजी प्रतीची अक्षरं प्रेमबिहारी नारायण रायजादा यांच्या हातची, हिंदी प्रतीची वसंत कृष्ण वैद्य यांच्या हातची. निवडणुकांचा भाग जिथे सुरू होतो त्या पानावर शिवछत्रपती आणि गुरू गोविंदसिंग आहेत. हे पान मुलांना जरूर दाखवा. २४ जानेवारी १९५० रोजी सदस्यांनी सह्या केल्या त्या प्रतीत चित्रकारांचा हात आहे, हे कळल्यावर चित्रकलेच्या तासाकडे पाहण्याची मुलांची नजर बदलते. मी हे अनेकदा अनुभवलं आहे.

पण ही सगळी आदर्शाची चित्रं आहेत. अडचण कुठे आहे ते बाबासाहेबांनी ४ नोव्हेंबर १९४८ रोजी, घटनेचा मसुदा संविधान सभेपुढे मांडताना सांगून ठेवलं होतं. भारतातली लोकशाही हे लोकशाहीशी मुळातच नातं नसलेल्या मातीवर वरून दिलेलं खत आहे, असं ते म्हणाले. त्यांनी वापरलेल्या इंग्रजी शब्दाला आपला शेतकरी ‘वरखत’ म्हणतो. पीक उभं असताना युरिया फेकतात ना, ते. त्याच भाषणात त्यांनी असंही सांगितलं की घटनात्मक नीती माणसाला उपजत नसते, ती मशागत करून वाढवावी लागते. पुढे २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात त्यांनी याच विसंगतीवर बोट ठेवलं: राजकारणात समता आणि सामाजिक-आर्थिक जीवनात विषमता.

समकालीन कलेतली मला महत्त्वाची वाटणारी कामं या दोन थरांच्या मधल्या जागेत होतात, वरखत आणि माती यांच्या मधे. ‘लोकशाही थोर आहे’ किंवा ‘लोकशाही संपली’ असं सांगणारी कामं भरपूर असतात. खरं सांगायचं तर त्यातली बहुतेक एकदा पाहून विसरली जातात, कारण कलावंताला उत्तर आधीच ठाऊक असतं आणि आपल्याला फक्त मान डोलवायची असते. ज्या कामांनी माझी स्वतःची कामाची पद्धत बदलली त्यांच्यापुढे गेल्यावर आपल्याला काहीतरी करावं लागतं. वाकावं लागतं, ठरवावं लागतं, शेजारच्या अनोळखी माणसाकडे पाहावं लागतं. म्हणून विद्यार्थ्यांना मी ‘यात काय दाखवलंय’ हे विचारत नाही. ‘इथे उभं राहिल्यावर तुला काय करावं लागलं’ हे विचारते.

याचं सगळ्यात स्वच्छ उदाहरण बर्लिनचं आहे. जर्मन संसदेच्या राइशटाग इमारतीच्या दर्शनी भागावर १९१६ पासून तीन शब्द आहेत, ‘जर्मन लोकांना’ अशा अर्थाचे. त्यातला ‘फोल्क’ हा शब्द साधा राहिला नाही. नाझींनी त्याला रक्ताचा आणि वंशाचा अर्थ चिकटवला. ज्या ज्यू कुटुंबाच्या ओतशाळेत ती अक्षरं घडली, त्या कुटुंबातली माणसं पुढे नाझींनीच मारली. हान्स हाके या कलावंताने याच इमारतीच्या उत्तरेकडच्या चौकात लाकडी कडा असलेला एक मोठा वाफा करायचं सुचवलं. वाफ्याच्या मधोमध त्याच धाटणीच्या अक्षरांत, पण दिव्यांनी उजळणारे, दोन शब्द: ‘देअर बेफ्योल्करुंग’. म्हणजे या देशात राहणाऱ्या सगळ्यांना. यात तुर्कस्तानातून कामाला आलेला आणि नागरिकत्व नसलेला कामगारही आला, त्याची मुलंही आली. प्रत्येक खासदाराने आपल्या मतदारसंघातली माती आणून त्या वाफ्यात ओतायची. पुढे त्यात जे उगवेल ते उगवू द्यायचं, खुरपणी नाही.

यावरून मोठं वादळ झालं. काहींना ती बाहेरच्या अक्षरांची अवहेलना वाटली, काहींना माती आणण्याची कल्पनाच नाझींच्या ‘रक्त आणि माती’ या घोषणेची आठवण करून देणारी वाटली. शेवटी ५ एप्रिल २००० रोजी संसदेत मतदान झालं. बाजूने २६०, विरोधात २५८. दोन मतांनी ते काम झालं. काही खासदारांनी माती आणायला नकार दिला, बाकीचे पिशव्या घेऊन आले. वेगवेगळ्या जिल्ह्यांतलं बी त्या मातीबरोबर आलं आणि आज तिथे झुडपं आहेत, गवत आहे.

मी या कामाचं छायाचित्र दाखवते तेव्हा मुलं विचारतात, ‘यात कला कुठेय?’ बरोबर प्रश्न आहे. कला अक्षरांत थोडी आहे. पण ‘लोक’ म्हणजे कोण या एका शब्दावर संसदेला भर सभागृहात भांडावं लागलं, आणि एरवी भाषणं करणाऱ्या माणसाला मातीची पिशवी उचलून चार लोकांसमोर ती रिकामी करावी लागली, हेच मुख्य काम. बाबासाहेबांचं वरखताचं वाक्य शेजारी ठेवून हे छायाचित्र पाहा. तिथे वरचा शब्द बदलण्यासाठी खालची माती हलवली आहे.

आता आपल्याकडे येते. मुंबईतली माझ्या आणि माझ्या आगेमागेच्या पिढीची कला डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ च्या दंगलींनी दोन तुकड्यांत कापली. त्याआधी आम्ही कॅनव्हासवर रंग लावत होतो. त्यानंतर अनेकांना रंग अपुरा वाटू लागला. रुम्माना हुसेन यांचं उदाहरण मला सगळ्यात जवळचं. त्या चित्रकार होत्या. बाबरी मशीद पडल्यानंतर त्यांनी मातीची फुटलेली मडकी, आरसे, गेरू, नीळ अशी रोजच्या घरातली सामग्री हातात घेतली. आरशावर अर्धं मडकं ठेवलं की प्रतिबिंबामुळे ते पूर्ण दिसतं, आणि पाहणारा एक पाऊल बाजूला सरकला की पुन्हा अर्धं. १९९५ मध्ये मुंबईच्या एनसीपीए या कलाकेंद्राच्या आवारात त्यांनी एक परफॉर्मन्स केला. पायात घुंगरू, हातात अर्धी चिरलेली पपई, आणि तोंड किंचाळी फोडावी तसं उघडं, पण आवाज नाही. त्या तशाच चालत राहिल्या. ज्यांना बोलायचा हक्क कागदावर पूर्ण आहे आणि तरीही ज्यांचा आवाज बाहेर येत नाही त्यांचं याहून नेमकं रूप मी दुसरं पाहिलेलं नाही. १९९९ मध्ये त्या गेल्या, पन्नाशीही झाली नव्हती. मराठीत त्यांच्याबद्दल जेवढं लिहिलं जायला हवं होतं त्याच्या एक दशांशही लिहिलं गेलं नाही, आणि त्यात माझाही आळस आहे.

दुसरा मुंबईकर जितिश कल्लाट. १९४७ च्या मध्यरात्रीचं नेहरूंचं भाषण त्यांनी २००३ मध्ये आरशासारख्या अ‍ॅक्रिलिकवर रबरी डिंकाने अक्षर अक्षर लिहिलं आणि मग अक्षरांना काडी लावली. अक्षरं जळाली, उष्णतेने आरसा वेडावाकडा झाला. आदल्या वर्षी गुजरातमध्ये ज्या दंगली झाल्या होत्या त्यांच्या सावलीतलं हे काम. भाषण वाचायला जवळ जावं तर जळक्या अक्षरांच्या मागे आपलाच वाकडा चेहरा दिसतो. दांडीयात्रेच्या आदल्या दिवशीचं, ११ मार्च १९३० चं गांधीजींचं भाषण त्यांनी २००७ मध्ये हाडांच्या आकाराच्या फायबरग्लासच्या अक्षरांत मांडलं. अशी सुमारे साडेचार हजार हाडं फळ्यांवर रचली आहेत. तिसरं काम २०१० मध्ये शिकागोच्या आर्ट इन्स्टिट्यूटमध्ये झालं. विवेकानंदांनी ११ सप्टेंबर १८९३ रोजी त्याच जागी केलेलं भाषण, जिन्याच्या ११८ पायऱ्यांवर, अमेरिकेने दहशतवादी हल्ल्याच्या इशाऱ्यासाठी ठरवलेल्या पाच रंगांच्या दिव्यांत. धर्मांधता संपावी असं सांगणारं ते भाषण ११ सप्टेंबरचं, आणि २००१ च्या हल्ल्याची तारीखही ११ सप्टेंबर. जिना चढायचा तर वाचत चढायचं, थांबायचं, मागच्याला वाट द्यायची.

ही तिन्ही कामं मला आवडतात, पण त्यांच्याबद्दल एक खंतही आहे. ती थोर शब्दांभोवती फिरतात. गावातल्या बाईपर्यंत लोकशाही पोचते ती भाषणातून पोचत नाही. ती रेशनच्या दुकानात, दवाखान्याच्या रांगेत आणि पाणी भरताना पोचते, किंवा तिथेच अडते. म्हणून आता ज्या कामाबद्दल लिहिणार आहे ते माझ्या लेखी या सगळ्यांत मोठं आहे.

नवज्योत अल्ताफ मुंबईच्या. १९७० च्या दशकात त्या आणि त्यांचे पती, चित्रकार अल्ताफ मोहमदी, डाव्या तरुणांच्या चळवळीत होते, पोस्टर्स करत होते. १९९७ पासून त्या छत्तीसगडमधल्या बस्तरमध्ये, कोंडागावला जाऊन काम करू लागल्या. तिथले आदिवासी आणि स्थानिक कलावंत राजकुमार कोर्राम, शांतीबाई, गेस्सूराम विश्वकर्मा हे त्यांचे बरोबरीचे सहकारी. या मंडळींनी मिळून जे केलं त्यातलं एक म्हणजे ‘नलपार’, हातपंपाची जागा नव्याने घडवणं.

हातपंपाभोवती काय असतं ते तुम्हाला सांगायला नको. चिखल, डबकं, डास, आणि जड हंडा जमिनीवरून उचलून एका झटक्यात डोक्यावर चढवणाऱ्या बाया. त्या झटक्यात कंबर आणि मान जाते. आमच्याकडच्या कितीतरी आया-मावश्यांची गेली आहे. नलपारमध्ये पंपाभोवती ओटे आणि कोनाडे अशा उंचीवर केले की हंडा टप्प्याटप्प्याने वर घेता यावा. सांडलेलं पाणी वाहून जाईल अशी वाट केली. भिंतींवर आणि कठड्यांवर तिथल्याच परंपरेतले आकार घडवले. उंची किती ठेवायची हे कागदावर ठरवता येत नाही. ते पाणी भरणारीलाच विचारावं लागतं, कारण ते तिच्या खांद्याचं माप असतं.

मुंबईच्या गॅलऱ्यांतले काहीजण याला समाजकार्य म्हणाले असते, आणि समाजकार्यवाल्यांना त्यातली शिल्पं अनावश्यक खर्च वाटली असती. मला नेमकं इथेच लोकशाही दिसते. पाणवठा ही आपल्या देशातली सगळ्यात जुनी राजकीय जागा आहे. महाडचं चवदार तळं आठवा. २० मार्च १९२७ ला तिथे झालेली कृती एवढीच होती, ओंजळभर पाणी पिणं. कोण कुठे उभं राहणार, कोणाचा हंडा आधी, कोणी कोणाला शिवायचं नाही, हे पाणवठ्यावर ठरतं आणि तिथून गावभर जातं. त्या जागेचा आकार बदलायचा, आणि तो बदलताना तिथे रोज येणाऱ्या बाईला विचारायचं, हे मला एखाद्या पुतळ्याच्या अनावरणापेक्षा कितीतरी अवघड वाटतं. मी माझ्या कामात हे करायला गेले तेव्हा पहिली दोन वर्षं सपशेल चुकले. बैठक बोलावली की पुरुष बोलायचे आणि बाया मागे बसायच्या. मी त्या बैठकांतून ‘गावाचं मत’ घेऊन काम उभं केलं आणि ते कोणीच वापरलं नाही. पुढे बायांबरोबर पाणी भरायला गेले, हंडा उचलून पाहिला, तेव्हा कुठे बोलणं सुरू झालं.

जातीचा विषय निघालाच आहे तर नागपूरचे चित्रकार सवी सावरकर यांचं नाव घ्यायलाच हवं. गळ्यात मडकं आणि कमरेला मागे झाडू बांधलेला माणूस, पेशवाईतल्या पुण्यातला, त्यांच्या चित्रांत आणि छापचित्रांत पुन्हा पुन्हा येतो. रेषा जाडजूड, घाईने ओढल्यासारखी, रंग अंगावर येणारे. सुबकतेची सवय झालेल्या डोळ्यांना ही चित्रं खटकतात, आणि मला वाटतं ती खटकायलाच हवीत. भारतीय आधुनिक चित्रकलेच्या दालनांत कितीतरी वर्षं खेडं म्हणजे बैलगाडी, घागर घेतलेली बाई आणि सूर्यास्त एवढंच होतं. गावाच्या वेशीबाहेर काय आहे हे चित्रात आणायला वेशीबाहेरचाच चित्रकार यावा लागला. शाळेत ही चित्रं दाखवताना आधी शिक्षकांनी आपसात बोलून घ्यावं असं सुचवेन. ती दाखवू नयेत म्हणून हे सांगत नाही. वर्गातल्या एखाद्या मुलाकडे सगळ्यांच्या माना वळतात, त्या क्षणी शिक्षकाने काय करायचं याची तयारी हवी.

चंद्रपूर जिल्ह्यातल्या सास्ती गावचे प्रभाकर पाचपुते तुमच्या मुलांना लगेच आवडतील. १९८६ चा जन्म, घरात पिढ्यान्‌पिढ्या कोळशाच्या खाणीतलं काम. ते कोळशानेच चित्रं काढतात, अनेकदा थेट भिंतीवर. त्यांची माणसं पूर्ण माणसं नसतात. धडावर डोक्याच्या जागी अवजार असतं, पायांच्या जागी यंत्राचा सुटा भाग असतो. मार्च २०१८ मध्ये नाशिकहून मुंबईला निघालेल्या शेतकऱ्यांच्या मोर्चाचे पडसाद त्यांच्या त्या वर्षीच्या कोची बिएनालेतल्या, म्हणजे केरळात दर दोन वर्षांनी भरवल्या जाणाऱ्या समकालीन कलेच्या प्रदर्शनातल्या, कामात उमटले. तो मोर्चा तुम्हाला आठवत असेल. जवळपास १८० किलोमीटर चालून आलेली हजारो माणसं, त्यांत वनजमिनीचा हक्क मागणाऱ्या आदिवासी बाया मोठ्या संख्येने, पाय सोलवटलेले. शेवटच्या टप्प्यात दहावीच्या परीक्षेची मुलं सकाळी अडकू नयेत म्हणून ती माणसं रात्रीच चालत आझाद मैदानावर पोचली. मला विचाराल तर त्या रात्रीची ती चाल ही गेल्या काही वर्षांत महाराष्ट्राने पाहिलेली सगळ्यात सुंदर सार्वजनिक कृती होती. पाचपुतेंच्या चित्रांत घोषणा नसतात. जमीन आणि माणूस एकमेकांत किती शिरलेत ते दिसतं, आणि एकाला उचकटून काढलं तर दुसऱ्याचं काय होईल हा प्रश्न आपला आपण पडतो.

मुंबईच्याच कलावंत शिल्पा गुप्ता यांच्याबद्दल थोडक्यात. राजसत्तांनी तुरुंगात टाकलेल्या शंभर कवींच्या ओळी, प्रत्येक कागद एका लोखंडी सळईत खुपसलेला, वर शंभर मायक्रोफोन टांगलेले. हे मायक्रोफोन ऐकत नाहीत, उलटे जोडल्यामुळे बोलतात. अंधाऱ्या खोलीत आवाज एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात सरकत राहतो आणि आपण त्याच्यामागे फिरतो. त्यांचं जुनं काम मात्र शाळेच्या दृष्टीने जास्त उपयोगी आहे: ‘थ्रेट’ असा शब्द कोरलेल्या साबणाच्या वड्यांची भिंत. येणाऱ्याने एक वडी घरी न्यायची आणि वापरायची. भीती हाताने धुतली जाते आणि भिंतही कमी होत जाते. असं काहीतरी साध्या कपड्याच्या साबणावर मुलं स्वतः कोरू शकतात. कोणता शब्द कोरायचा यावर त्यांना वाद घालू द्या, तुम्ही सुचवू नका.

तुमच्या प्रश्नात न लिहिलेली एक शंका आहे असं मला वाटलं: हे सगळं गॅलरीत जाणाऱ्यांपुरतंच नाही का? आहे. बऱ्याच अंशी आहे, आणि ते नाकारण्यात अर्थ नाही. लोकशाहीवरचं काम श्रीमंत संग्राहक विकत घेतो आणि ते एखाद्या बंगल्याच्या दिवाणखान्यात लागतं. जहांगीर आर्ट गॅलरीला तिकीट नाही, दार रस्त्यावर उघडतं, तरी समोरच्या फुटपाथवरचा माणूस आत पाऊल टाकत नाही. दार उघडं असणं आणि आत यावंसं वाटणं यांत केवढं अंतर असतं ते आपल्या ग्रामसभेतही दिसतं.

हे अंतर तोडायचा मनापासून प्रयत्न सुधीर पटवर्धन यांनी केला. ठाण्यात तीसेक वर्षं क्ष-किरणतज्ज्ञ म्हणून दवाखाना चालवत त्यांनी लोकलमधली, नाक्यावरची, इराण्याच्या हॉटेलातली माणसं रंगवली. ‘विस्तारणारी क्षितिजे’ या नावाने त्यांनी २००८-०९ च्या सुमारास समकालीन भारतीय चित्रकारांची मूळ कामं महाराष्ट्रातल्या शहरांमधून फिरवली. चित्राची छापील नक्कल आणि मूळ चित्र यांत जे अंतर आहे ते मुंबईबाहेरच्या कलाशिक्षकाला एकदा तरी अनुभवायला मिळालं पाहिजे, हा साधा समतेचा हट्ट त्यामागे मला दिसतो. असे आणखी दहा प्रयत्न व्हायला हवे होते.

आणि बंधनांचं काय, असंही तुम्ही विचाराल. ती नवी नाहीत. १९५४ मध्ये जहांगीरमध्येच अकबर पदमसी यांच्या ‘लव्हर्स’ या चित्रांवरून त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. पोलिसांनी चित्रं काढायला सांगितली, त्यांनी नकार दिला, न्यायालयाने त्यांना निर्दोष सोडलं. पंचविशीतला चित्रकार ‘नाही’ म्हणाला म्हणून पुढच्या पिढ्यांना थोडी मोकळी जागा मिळाली. देशाबाहेर गेलेले चित्रकार एम. एफ. हुसेन यांच्या बाबतीत, अश्लीलतेच्याच आरोपांवर, दिल्ली उच्च न्यायालयाने ८ मे २००८ रोजी त्यांच्या बाजूने निकाल दिला, तरी ते देशात परत आले नाहीत आणि २०११ मध्ये लंडनला वारले. निकाल मिळाला, पण सुरक्षितपणे राहता येईल असा शेजार मिळाला नाही. फेब्रुवारी २०१९ मध्ये मुंबईच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात चित्रकार प्रभाकर बरवे यांच्या प्रदर्शनाच्या उद्घाटनाला अमोल पालेकर बोलत होते. स्थानिक कलावंतांच्या सल्लागार समित्या बंद केल्याचा मुद्दा त्यांनी काढला आणि त्यांना बोलताना वारंवार अडवलं गेलं. समिती हा रुक्ष शब्द आहे. पण कोणाचं काम भिंतीवर लागणार हे कोण ठरवतं, हाच त्यातला प्रश्न आहे, आणि तो कलावंतांनी चित्राइतकाच मनावर घ्यायला हवा.

आता शाळेचं. मी एका गावात केलेला प्रयोग सांगते. गावाचं नाव देत नाही.

मुलांना सांगितलं की प्रत्येकाने आपल्या दारातली एक डबाभर माती आणायची. शाळेच्या आवारात आम्ही विटा रचून चार फूट बाय चार फुटांचा वाफा केला होता. श्रीखंडाचे, रंगाचे, डालड्याचे डबे भरून माती आली. मळ्यातली काळी, माळावरची मुरमाड, ओढ्याकाठची वाळूमिश्रित, एकाची शेणाने सारवलेल्या अंगणातली. रंग इतके वेगळे की आम्ही आधी त्या मातीनेच कागदावर चित्रं काढली, पाणी आणि थोडा डिंक घालून. मग एका मुलाने विचारलं, ‘बाई, वाफ्यात कुणाची माती कुठली त्याची पाटी लावायची का?’ वर्ग गप्प झाला. कारण पाटी लावायची म्हणजे वस्तीचं नाव लिहायचं, आणि त्या गावात निम्म्या वस्त्यांची नावं जातीवरून होती. जातीवाचक वस्त्यांची नावं बदलायचा निर्णय राज्य सरकारने डिसेंबर २०२० मध्ये घेतला, पण बोलण्यातली नावं तशीच होती. मुलांनी तासभर वाद घातला. कोणी म्हणालं, नाव नकोच, माती ती माती. बौद्धवाडीतली एक मुलगी म्हणाली, नाव काढलं तर आमच्याकडून माती आली हे कळणार कसं? मी मधे पडले नाही. शेवटी पाटीवर वस्तीऐवजी माती आणणाऱ्याने आपल्याला हवं ते लिहायचं ठरलं. एकाने आजीचं नाव लिहिलं, एकाने ‘चिंचेखाली’, तिने मात्र वस्तीचं नाव ठळक अक्षरांत लिहिलं.

वीटभट्टीवरच्या कुटुंबातली एक मुलगी त्या वर्गात होती. तिने डबा आणलाच नव्हता. विचारलं तर म्हणाली, ‘माझी माती कुठली? घरची की भट्टीची?’ ती माणसं दिवाळीनंतर येतात आणि पावसाआधी जातात. त्यांचं मत दुसऱ्या जिल्ह्यात, राहणं इथे. दोन-तीन मुलं म्हणाली की ती गावची नाही, तिची माती कशाला. बर्लिनच्या संसदेत जो वाद झाला तोच इथे पत्र्याच्या शेडखाली झाला, आणि यातल्या कोणालाही हान्स हाके माहीत नव्हता. हात वर करून मतं घेतली. तिच्या बाजूने थोडी जास्त पडली. दुसऱ्या दिवशी तिने भट्टीवरची लाल भुकटी आणली. तिच्या वडिलांनी ती चाळून दिली होती.

प्रदर्शन २६ जानेवारीला झालं. सरपंच आले, फोटो निघाले. जूनमध्ये तिथल्या शिक्षकांनी मला वाफ्याचा फोटो पाठवला. तांदुळजा, कुंजरू, कसलीशी वेल, आणि एका कोपऱ्यात आघाडा. भट्टीवरची माणसं मे महिन्यातच निघून गेली होती, त्यामुळे तिला यातलं काही दिसलं नाही. ही माझी चूक. तुम्ही करणार असाल तर २६ जानेवारीची वाट पाहू नका. दिवाळीची सुट्टी संपून दहा-पंधरा दिवस झाले, भट्टीवरची आणि ऊसतोडीची मुलं शाळेत येऊ लागली, की लगेच वाफा भरायला घ्या. पाऊस नसणार, म्हणून पाणी घालायच्या पाळ्या लावून द्या आणि वर थोडी मेथी फेका. चार-पाच दिवसांत उगवते.